डॉस२युनिक्स : कशाला हात लावू नये हे जाणणारे साधन

विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालवायच्या आज्ञांची फाइल, लिनक्स सर्व्हरवर चढवली आणि चालवताच ‘बॅड इंटरप्रिटर’ असा निरोप आला, की नवखा माणूस सर्वांत आधी सर्व्हरवर बॅश, म्हणजे त्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, आहे की नाही हे तपासायला धावतो. बॅश जागच्या जागीच असते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा जो पत्ता दिलेला असतो, त्याच्या शेपटीला एक न दिसणारे अक्षर चिकटलेले असते आणि लिनक्स त्या अक्षरासकट नाव वाचून तशा नावाचा प्रोग्राम शोधू लागते. निरोप बारकाईने पाहिला तर बॅशच्या नावाला लागून टोपीची खूण आणि रोमन एम दिसतो; तोच हा कॅरेज रिटर्न. असा चिकटलेला कॅरेज रिटर्न काढून टाकणे, किंवा उलट दिशेने जाताना तो घालणे, एवढ्याच कामासाठी लिहिलेल्या ‘डॉस२युनिक्स’ या छोट्या साधनाचे हे परीक्षण आहे.

दुखणे जुने आहे आणि त्याचे मूळ छपाईयंत्रात आहे. टेलिटाइप मॉडेल ३३ सारख्या यंत्रांवर ओळ संपली की दोन वेगळ्या हालचाली कराव्या लागत : छापणारा भाग डाव्या कडेला परत न्यायचा, म्हणजे कॅरेज रिटर्न, आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, म्हणजे लाइन फीड. आस्की सांकेतिकीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, पहिल्याचा क्रमांक १३ आहे आणि दुसऱ्याचा १०. पुढे पडदे आले, कागद गेला, पण खुणा राहिल्या. मल्टिक्स आणि तिच्यामागून युनिक्स यांनी ओळीच्या शेवटी एकटा १० पुरेसा मानला. सीपी-एम, डॉस आणि विंडोज या परंपरेने १३ व १० ही जोडी जपली. जुन्या मॅकने एकटा १३ घेतला आणि २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आल्यावर तोही युनिक्सच्या पंगतीला जाऊन बसला. मायक्रोसॉफ्टच्या नोटपॅडला एकट्या १० ने संपणाऱ्या ओळी समजू लागण्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले. तोवर लिनक्सची फाइल त्यात उघडली की सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसत असे.

डॉस२युनिक्सचा पहिला अवतार जॉन बर्चेनॉल यांनी १९८९ मध्ये लिहिला, बेंजामिन लिन यांनी नव्वदच्या दशकात तो पुढे नेला आणि २००९ पासून एर्विन वाटरलांडर त्याची देखभाल करीत आहेत. आज जे वापरण्याजोगे साधन आपल्या हाती आहे, त्यातले बरेचसे शहाणपण या शेवटच्या काळातले आहे. एकाच पॅकेजमध्ये चार आज्ञा मिळतात : डॉसकडून युनिक्सकडे, युनिक्सकडून डॉसकडे आणि जुन्या मॅकसाठी अशाच दोन. परवाना बीएसडी धाटणीचा आहे, म्हणजे कार्यालयात किंवा विक्रीच्या उत्पादनात वापरायलाही आडकाठी नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्या भांडारांत आणि मॅकच्या होमब्रूमध्ये ते याच नावाने सापडते. विंडोजवर ज्यांनी गिट (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) बसवले आहे त्यांच्याकडे गिट बॅशच्या खिडकीत ते आधीच आलेले असते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

वापर अगदी साधा आहे. आज्ञेपुढे फाइलचे नाव द्यायचे, एंटर दाबायचे, की फाइल जागच्या जागी बदलते. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवून बदललेली प्रत वेगळ्या नावाने हवी असेल, तर ‘-एन’ हा पर्याय देऊन आधी जुन्या आणि मग नव्या फाइलचे नाव द्यायचे. फाइलवरची बदलाची तारीख तीच राहायला हवी असेल तर ‘-के’ द्यायचा. तारखा पाहून कोणती फाइल पुन्हा घडवायची हे ठरवणाऱ्या मेकसारख्या व्यवस्थेत हा पर्याय फार उपयोगी पडतो, कारण नुसत्या ओळींच्या खुणा बदलल्यामुळे तासाभराचे कंपायलेशन पुन्हा सुरू व्हावे अशी कोणाचीच इच्छा नसते.

येथे एक रास्त शंका निघते. जे काम सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीत होते, किंवा टीआर या आज्ञेला ‘१३ क्रमांकाचे अक्षर गाळ’ असे सांगून होते, त्यासाठी वेगळे पॅकेज कशाला बसवायचे? चांगल्या इंग्रजी मजकुराच्या, एकाच फाइलपुरत्या कामाला ही शंका बरोबरच आहे आणि मीही अनोळखी सर्व्हरवर पॅकेज बसवण्याची परवानगी नसेल तेव्हा सेडच वापरतो. पण या दोन्ही उपायांना आपण काय करीत आहोत याची काडीचीही जाणीव नसते. टीआर ओळीच्या शेवटचाच नव्हे तर मधला कॅरेज रिटर्नही काढून टाकते. शिवाय तिचा निकाल त्याच फाइलमध्ये वळवला तर शेल आधी फाइल रिकामी करते आणि मग वाचायला काहीच उरत नाही. सेडला चित्राची फाइल दिली तर ती चित्रातही ओळी शोधते. डॉस२युनिक्सचे मोल बदल करण्यात फारसे नाही, कारण बदल तर कोणीही करू शकते. ते आहे कशाला हात लावायचा नाही हे ओळखण्यात.

हा संयम अनेक ठिकाणी दिसतो. फाइल वाचताना टॅब, ओळीच्या खुणा आणि पान बदलण्याची खूण यांखेरीज ३२ च्या खालचा कोणताही बाइट आढळला, की हे साधन ती फाइल मजकुराची नाही असे धरते, कोणत्या ओळीत कोणते अक्षर सापडले ते सांगते आणि फाइल सोडून पुढे जाते. जबरदस्ती करायचीच असेल तर ‘-एफ’ आहे, पण तो लागण्याची वेळ क्वचितच येते. सिंबॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, आढळली तर तिच्या टोकाची फाइल आपण होऊन बदलली जात नाही. तसे हवे असल्यास स्पष्ट सांगावे लागते. बदललेला मजकूर आधी त्याच फोल्डरमधील तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिला जातो आणि सगळे सुरळीत झाले तरच ती मूळ फाइलची जागा घेते, त्यामुळे मध्येच अडखळले तर अर्धवट बदललेली फाइल मागे राहत नाही. मालकी आणि परवानग्याही जपल्या जातात. दुसऱ्याच्या मालकीची फाइल बदलायला गेलात आणि ती मालकी टिकवणे शक्य नसेल, तर बदल न करता साधन थांबते. सर्व्हरवर इतरांच्या फाइली हाताळणाऱ्यांना हा चिवटपणा कधीकधी त्रासदायक वाटतो, पण वेबसर्व्हरच्या मालकीची फाइल नकळत आपल्या नावावर जाऊन संकेतस्थळ बंद पडण्यापेक्षा तो पुष्कळ बरा.

या साधनाचा मला सर्वाधिक आवडणारा भाग मात्र बदलाचा नाहीच. ‘-आय’ हा पर्याय दिला की ते फाइलला स्पर्श न करता फक्त तपासणी करते आणि प्रत्येक फाइलमागे एक ओळ छापते : डॉस पद्धतीच्या किती खुणा, युनिक्स पद्धतीच्या किती, जुन्या मॅकच्या किती, सुरुवातीला बीओएम, म्हणजे सांकेतिकी सांगणारी बाइटांची खूण, आहे का, आणि फाइल मजकुराची आहे की बायनरी. समजा एखाद्या फाइलपुढे ४१२, ३, ० असे आकडे आले, तर ती फाइल विंडोजवर जन्मली आणि नंतर कोणीतरी तिच्यात तीन ओळी लिनक्सवरून घातल्या किंवा दुसरीकडून चिकटवल्या, हे न विचारता कळते. अशा संमिश्र फाइली शोधणे डोळ्यांना जवळजवळ अशक्य असते, कारण बरेच संपादक फाइल उघडताना एक पद्धत गृहीत धरून दुसरी झाकून टाकतात. ‘-आय’ ला ‘सी’ जोडला तर बदलाची गरज असलेल्या फाइलींचीच नावे मिळतात आणि ती यादी पुढच्या आज्ञेला देता येते. नवा प्रकल्प हाती आला की आधी ही तपासणी करावी आणि मगच बदलाला हात घालावा. कित्येकदा तपासणीनंतर बदलाची गरजच नसल्याचे कळते आणि खरा दोष भलतीकडेच निघतो.

देवनागरी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी हे साधन का महत्त्वाचे आहे, हे पाहायचे तर बाइटपर्यंत उतरावे लागते. यूटीएफ-८ या युनिकोडच्या सांकेतिकीत साठवलेल्या मराठी फाइलीत अडचण येत नाही, कारण त्या सांकेतिकीत देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट १२७ च्या पुढचा असतो आणि १० किंवा १३ हे आकडे ओळीच्या खुणेसाठीच राखीव राहतात. पण विंडोजच्या जगात यूटीएफ-१६ अजून भरपूर आढळते : एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून साठवलेली फाइल, जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ हा पर्याय निवडून साठवलेला मजकूर, किंवा विंडोज पॉवरशेलच्या जुन्या ५.१ आवृत्तीत बाणाची खूण वापरून फाइलकडे वळवलेला निकाल. या सांकेतिकीत आपल्या प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागतात आणि त्यांतला दुसरा बाइट नेहमी ९ असतो. ‘ऊ’ या अक्षराचे बाइट आहेत १० आणि ९. म्हणजे बाइटच मोजणाऱ्या साधनाच्या नजरेला ‘ऊस’ हा शब्द नव्या ओळीने आणि तिच्यामागच्या टॅबने सुरू होतो! ‘ऍ’ चे बाइट आहेत १३ आणि ९, म्हणून कॅरेज रिटर्न गाळणारी टीआर ‘ऍ’ चा पहिला अर्धा भाग गिळून टाकते. मराठीसाठी ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र जागा असली, तरी जुन्या कळफलकांनी टंकलेल्या मजकुरात हा दुसरा ‘ऍ’ जागोजागी भेटतो.

त्याहून गंमत म्हणजे ‘ऊ’ किंवा ‘ऍ’ एकदाही न येणारी फाइलसुद्धा वाचत नाही. यूटीएफ-१६ मध्ये ओळीचा शेवट १३, ०, १०, ० असा चार बाइटांचा असतो. टीआरने त्यातला एकटा १३ काढला की तीन उरतात आणि तेथून पुढच्या सगळ्या जोड्या एका बाइटाने सरकतात. पहिली ओळ शाबूत राहते, दुसऱ्या ओळीच्या जागी चिनी लिपीचा भास व्हावा अशी अक्षरे उमटतात, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी आणखी एक बाइट गळाल्यामुळे जोड्या पुन्हा जुळून तिसरी ओळ नीट दिसते. एकाआड एक ओळ बिघडलेली अशी मराठी फाइल कोणी पाठवली, तर तिच्यावर कोणता प्रयोग झाला आहे हे न विचारता सांगता येते.

डॉस२युनिक्स अशा फाइलीची सुरुवातीची बीओएम खूण पाहून ती यूटीएफ-१६ आहे हे ओळखते, दोन-दोन बाइट एकत्र वाचते आणि लिनक्सवर निकाल यूटीएफ-८ मध्ये देते. म्हणजे एकाच आज्ञेत ओळींचे आणि सांकेतिकीचे अशी दोन्ही कामे उरकतात. यूटीएफ-१६ च ठेवायचे असेल तर ‘-यू’ द्यायचा. एक पथ्य पाळावे लागते. टर्मिनलचे लोकेल, म्हणजे भाषा आणि सांकेतिकी ठरवणारी सेटिंग, यूटीएफ-८ चे असले पाहिजे, आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या व्यवस्थेतून, रात्री चालणाऱ्या कामांत ते बहुधा नसते, म्हणून तेथे ते आधी नेमून द्यावे. बीओएम नसलेली यूटीएफ-१६ फाइल मात्र या साधनाला आपण होऊन ओळखता येत नाही. ते तिला बायनरी समजून सोडून देते आणि ‘-यूएल’ देऊन सांकेतिकी सांगितल्यावरच कामाला लागते. न ओळखता बिघडवण्यापेक्षा न ओळखता सोडून देणे केव्हाही चांगले.

आता तक्रारीकडे वळतो, आणि ती लहान नाही. युनिक्सकडे बदल करताना हे साधन फाइलच्या सुरुवातीची बीओएम खूण न सांगता काढून टाकते. स्क्रिप्टच्या बाबतीत हे योग्यच आहे, कारण पहिल्या ओळीतील ‘#!’ या खुणेच्या आधी तीन परके बाइट आले तर लिनक्सला ती खूण सापडतच नाही. पीएचपीच्या फाइलीतही ही खूण पानाच्या आधीच बाहेर पडून घोटाळा करते. पण मराठी नावे, गावे आणि पत्ते असलेली सीएसव्ही फाइल ही अगदी वेगळी गोष्ट आहे. एक्सेलवर दुहेरी टिचकी मारून उघडल्या जाणाऱ्या सीएसव्हीत यूटीएफ-८ आहे हे एक्सेल याच खुणेवरून ओळखते. ती गेली की ‘कोल्हापूर’ च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चलनाचे चिन्ह, पुन्हा तोच ए अशी रांग लागते. फाइल प्रत्यक्षात बिघडलेली नसते, पण कार्यालयातला माणूस ‘फॉन्ट उडाला’ म्हणून ती परत पाठवतो आणि सर्व्हरवरच्या माणसाला मात्र त्याच्या पडद्यावर सगळे ठीक दिसत असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे हा वाद मिटायला वेळ लागतो.

उपाय पर्यायांतच आहे. बीओएम टिकवायची असेल तर ‘-बी’ द्यायचा, आणि विंडोजकडे परत पाठवताना युनिक्स२डॉसला ‘-एम’ दिला की नसलेली खूण घातली जाते. पण काढण्यापूर्वी एक ओळीची सूचना छापायला काय हरकत होती, असे वाटल्यावाचून राहत नाही. बायनरी फाइल सोडताना जे साधन ओळीचा क्रमांकही सांगते, त्याने या ठिकाणी गप्प बसावे हे त्याच्या एरवीच्या स्वभावाला धरून नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेचार देतो, आणि अर्धा गुण याच मौनापायी कापला आहे.

सीएसव्हीचा विषय निघाला आहे तर आणखी एक बारकावा. एक्सेलमध्ये एकाच चौकटीत ऑल्ट आणि एंटर दाबून दोन ओळी लिहिल्या, तर साठवताना त्या चौकटीच्या आतली खूण एकटा १० असते आणि रांगेच्या शेवटची खूण १३ व १० ही जोडी असते. अशी फाइल ‘-आय’ ने तपासली की ती संमिश्र दिसते आणि ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होतो. युनिक्स२डॉस दोन्ही खुणा सारख्याच करून टाकते. अवतरणचिन्हांचा नियम पाळणाऱ्या प्रोग्रामला त्याने फरक पडत नाही, पण नुसत्या ओळी तोडून वाचणाऱ्या घरगुती स्क्रिप्टला चौकटीच्या आतली आणि बाहेरची ओळ वेगळी ओळखण्याचा एकमेव आधार त्यामुळे नाहीसा होतो. संमिश्र म्हणजे सदोष असे प्रत्येक वेळी नसते, आणि हे साधनाने नव्हे तर वापरणाऱ्याने ठरवायचे असते.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठी फाइली अजून अनेक मुद्रकांकडे आणि नियतकालिकांकडे पडून आहेत. नेहमीच्या पद्धतीने चालवले तर हे साधन १२७ च्या पुढच्या बाइटांना हात लावत नाही, त्यामुळे अशा फाइलींची अक्षरे जशीच्या तशी राहतात. ‘-७’ या पर्यायापासून मात्र दूर राहावे. तो आस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट कोऱ्या जागेत बदलतो; यूटीएफ-८ मधील मराठी मजकुरावर तो चालवला तर साधी विरामचिन्हे, रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक तेवढे उरतात आणि बाकी सारी फाइल कोरी होते. ‘-आयएसओ’ हा पर्यायही युरोपीय भाषांच्या जुन्या डॉस-सांकेतिकींसाठी आहे, आपल्या कामाचा नाही.

फोल्डरच्या आतल्या फोल्डरांत शिरून काम करण्याची सोय या साधनात नाही. त्यासाठी फाइली शोधणारी फाइंड आणि ती यादी दुसऱ्या आज्ञेला देणारी एक्सआर्ग्ज यांची जोडी लावावी लागते, आणि नावांत मोकळ्या जागा असतील तर दोन्हींना शून्य बाइटाने नावे वेगळी करायला सांगावे लागते. ही उणीव मला खटकत नाही, किंबहुना ती हेतुपुरस्सर असावी असेच वाटते. मात्र येथेच लोक घाई करतात. विस्ताराची (फाइलनावाच्या शेवटच्या ‘.sh’ सारख्या भागाची) अट न घालता सगळ्या फाइली पाठवल्या, की गिटचे स्वतःचे दडवलेले फोल्डरही रांगेत येते. बायनरी ओळखण्याची चाळणी त्यातल्या बहुतेक फाइलींना वाचवते, पण आपल्या संपूर्ण इतिहासाचे रक्षण एका चाळणीवर सोपवू नये. फाइंडला विस्तार सांगावेत, किंवा गिटलाच नोंदवलेल्या फाइलींची यादी विचारून ती पुढे द्यावी. बॅच फाइलींना, म्हणजे विंडोजच्या आज्ञा-फाइलींना, या यादीतून वगळावे, कारण त्यांना विंडोजचीच जोडी लागते. एकट्या १० ने संपणाऱ्या बॅच फाइलीत उडी मारायचे लेबल कधीकधी सापडतच नाही आणि तो दोष पकडणे फार कष्टाचे असते.

कॅरेज रिटर्नचा उपद्रव स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीपुरताच असता तर गोष्ट सोपी होती. पण पासवर्ड आणि पत्ते ठेवलेल्या सेटिंग-फाइलीत तो असला, तर प्रत्येक मूल्याच्या शेवटी चिकटून डेटाबेसपर्यंत जातो. पासवर्ड डोळ्यांना बरोबर दिसतो, चिकटवून पाहिला तर चालतो, आणि प्रोग्राममधून मात्र नाकारला जातो. असे मूल्य पडद्यावर छापले की त्यातला कॅरेज रिटर्न कर्सरला ओळीच्या आरंभी नेतो आणि पुढचा मजकूर आधीच्या मजकुरावरच छापला जातो. त्रुटीचा निरोप अर्धा खाल्लेला, उलटसुलट दिसला तर बहुधा हेच कारण असते. खात्री करायची तर कॅट आज्ञेला मोठा ‘-ए’ देऊन फाइल पाहावी. ओळीच्या शेवटी नुसत्या डॉलरऐवजी टोपी, एम आणि मग डॉलर दिसला की निदान झाले. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम बंदिस्त डब्यात चालवणाऱ्या व्यवस्थेत, तर निरोप आणखी फसवा असतो : सुरुवातीची स्क्रिप्ट समोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते.

तेच तेच पुन्हा होऊ लागले, म्हणजे दर आठवड्याला कोणी ना कोणी डॉस२युनिक्स चालवत असेल, तर दोष साधनाकडून सुटण्यासारखा राहिलेला नाही. गिटच्या विंडोज आवृत्तीत फाइली बाहेर काढताना खुणा आपोआप बदलण्याची सेटिंग असते आणि ती प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी असू शकते; म्हणून नियम माणसागणिक न ठेवता भांडारातच, गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत लिहावा. मजकुराच्या फाइली आपोआप ओळखाव्यात, शेल स्क्रिप्टना नेहमी एलएफ (एकटा १०), बॅच फाइलींना नेहमी सीआरएलएफ (१३ व १०), अशा तीन ओळी पुष्कळ प्रकल्पांना पुरतात. त्यानंतर गिटच्या अ‍ॅड आज्ञेला ‘रिनॉर्मलाइझ’ हा पर्याय देऊन जुन्या फाइली एकदा सरळ कराव्यात आणि तेवढाच एक स्वतंत्र कमिट करावा. त्यात दुसरा एकही बदल मिसळू नये, नाहीतर हजारो बदललेल्या ओळींत खरा बदल कोणता हे शोधता शोधता तपासणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. संपादकांना नियम सांगणाऱ्या एडिटरकॉन्फिग फाइलीतही हाच नियम लिहून ठेवला तर संपादक पहिल्यापासूनच योग्य खूण घालतात.

एखाददुसऱ्या फाइलीसाठी टर्मिनल उघडण्याचीही गरज नसते. व्हीएस कोडच्या तळपट्टीत उजवीकडे सीआरएलएफ असे लिहिलेले दिसते, त्यावर टिचकी मारून एलएफ निवडले आणि फाइल साठवली की झाले. नोटपॅड++ मध्ये हीच सोय एडिट मेनूत आहे. ज्यांचे काम तेवढेच आहे त्यांनी हे पॅकेज बसवण्याच्या फंदात पडू नये. ज्यांच्याकडे इतरांनी पाठवलेल्या फाइली थप्प्यांनी येतात, म्हणजे बँकांच्या नोंदी, सर्वेक्षणांचे तक्ते, भाषांतराच्या फाइली, मतदारयाद्यांतून वेगळा काढलेला मजकूर, त्यांच्या मार्गावर मात्र पहिल्या पायरीला ‘-आय’ ची तपासणी आणि दुसऱ्या पायरीला डॉस२युनिक्स असावेच.

एक सावधगिरी नावाबाबत. अल्पाइन लिनक्सवर बांधलेल्या छोट्या डॉकर प्रतिमांत डॉस२युनिक्स ही आज्ञा काहीही न बसवता चालते, पण ती या पॅकेजची नसून बिझीबॉक्स या छोट्या आज्ञांच्या संचातली असते. ती सरसकट सगळे कॅरेज रिटर्न गाळते, बायनरी ओळखत नाही, यूटीएफ-१६ जाणत नाही आणि ‘-आय’ तिला माहीतच नाही. वर ज्या संयमाचे कौतुक केले तो तिच्यात अजिबात नाही. म्हणून अशा प्रतिमेत आधी ‘-आय’ देऊन पाहावे, पर्याय अनोळखी असल्याचे उत्तर आले तर एपीके या अल्पाइनच्या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने खरे पॅकेज बसवून घ्यावे, आणि त्यानंतरच मराठी फाइली तिच्या हाती द्याव्यात.